लांब इंग्रजी शब्दांतील अवयव व आघात

त्वष्ट्याच्या यज्ञाची कथा जुन्या वैयाकरणांनीं मोठ्या आवडीनें सांगितली आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र आपणांस व्हावा म्हणून त्वष्ट्यानें आहुति दिली, आणि मंत्रांत 'इन्द्रशत्रु' हा शब्द उच्चारला. उदात्त स्वर शब्दाच्या अंतीं पडला असता, तर 'इंद्राला मारणारा' असा अर्थ झाला असता. तो पडला पहिल्या पदावर, आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणारा आहे असा'. वृत्र जन्मास आला आणि इंद्राच्याच हातून मेला. वर्ण सर्व बरोबर होते. चुकला तो केवळ स्वर.

वेदांतील उदात्तादि स्वर मुख्यतः आवाजाच्या चढउताराचे. इंग्रजी शब्दांतील आघात हा जोर, लांबी आणि उंची या तिहींच्या मिळणीचा. या दोन गोष्टी एकच नव्हेत. तथापि स्वराचें स्थान बदललें कीं शब्द बदलतो, हें तत्त्व दोहोंकडे सारखेंच आहे. 'ब्लॅकबोर्ड' या शब्दांत पहिल्या पदावर जोर दिला कीं शाळेंतला फळा, आणि दोन्ही पदें वेगवेगळ्या जोरानें म्हटलीं कीं कोणतीही काळी फळी. 'ऑब्जेक्ट' या शब्दाचा आरंभ जोरानें केला तर ती एक वस्तु. शेवटावर जोर दिला तर ती हरकत घेण्याची क्रिया. 'रेकॉर्ड', 'परमिट', 'एक्स्पोर्ट' हे शब्दही असेच नामाचे क्रियापद होतात.

मराठी कानाला हें नवें वाटतें, याचें कारण मराठींत आघात असला तरी त्यानें शब्दाचा अर्थ फिरत नाहीं. 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद मराठी माणसाच्या ध्यानांत तत्काळ येतो. परंतु एखाद्या शब्दांत जोर कोठें पडला, याची तो सहसा दखल घेत नाहीं. म्हणून इंग्रजी शब्द बोलतांना त्याच्या सगळ्याच अवयवांना तो सारखें वजन देतो, किंवा जेथें त्याला दीर्घ स्वर वा जोडाक्षर दिसतें तेथें वजन टाकतो. शब्दाचें लेखन पाठ असतें, अर्थ अचूक ठाऊक असतो, वाक्यरचना निर्दोष असते. आणि तरीही समोरचा परदेशी मनुष्य 'पुन्हा सांगा' म्हणतो. दोन वेळां असें झालें कीं पुष्कळ हुशार विद्यार्थी बोलणेंच सोडून देतात. आर. के. बन्सल यांनीं भारतीय इंग्रजी बोलणें इतरांस कितपत समजतें, याचा अभ्यास करून तो हैदराबाद येथील इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेमार्फत १९६९ सालीं प्रसिद्ध केला. बोलणें न समजण्याच्या प्रमुख कारणांत त्यांनीं शब्दांतील चुकलेल्या आघाताची गणना केली आहे.

यामागील कारण समजून घेण्यासारखें आहे. इंग्रजींत आघाताचा अवयव तेवढा पूर्ण स्वरानें व स्पष्टपणें उच्चारला जातो. उरलेले बहुतेक अवयव आखडतात. त्यांतील स्वर, लिहितांना तो कोणताही असो, एका पुसट 'अ'कारांत विरून जातो. ऐकणारा त्या एका ठळक अवयवाला धरून मनांतील कोशांत शब्द शोधतो. ठळक अवयवच बदलला तर त्याचा शोध भलत्याच पानावर सुरू होतो, आणि शब्द सांपडेपर्यंत पुढचें वाक्य निघून गेलेलें असतें.

आघात शोधावयाचा तर आधीं शब्दाचे अवयव पाडतां आले पाहिजेत. छंदःशास्त्रांत ज्यास 'अक्षर' म्हणतात, तोच हा अवयव: एका दमांत उच्चारला जाणारा, एक स्वर पोटांत घेतलेला शब्दाचा तुकडा. लिपींतील खुणेलाही अक्षर म्हणण्याचा प्रघात असल्यामुळें घोटाळा होऊं नये म्हणून येथें 'अवयव' हा शब्द योजिला आहे. अवयव कानांनीं मोजावयाचे, डोळ्यांनीं नव्हे. 'स्ट्रेंग्थ्स' हा शब्द इंग्रजींत नऊ अक्षरांनीं लिहितात, पण त्याचा अवयव एकच. उलट 'एरिया' हा चार अक्षरांत लिहिला जातो, आणि त्याचे अवयव तीन. 'वॉक्ड' या भूतकाळाच्या रूपांत अवयव एक आहे, 'वाँटेड' या रूपांत दोन आहेत. शेवटचीं दोन अक्षरें दोन्हींकडे तींच. 'कम्फर्टेबल' म्हणून मराठी मनुष्य चार अवयव मोजतो. रोजच्या इंग्रजी बोलण्यांत ते बहुधा तीनच असतात: कम्फ-ट-बल. 'चॉकलेट' तर दोहोंवरच आटोपतें.

लिहिलेलें सगळें बोललें जात नाहीं, याचें मराठी माणसाला आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. 'करवत' हा शब्द चार अक्षरांनीं लिहून तो 'कर-वत' असा दोन अवयवांतच बोलतो. तो नियम त्याला कोणी शिकविला नाहीं, कानानें शिकविला. इंग्रजी बहुधा पुस्तकांतून शिकल्यामुळें त्या भाषेपुरता कान मागें राहिला, एवढेंच. अवयवांची संख्या ताडून पाहण्याची एक घरगुती युक्ति शिक्षक सांगतात. हनुवटीखालीं हाताची पाठ धरून शब्द सावकाश म्हणावा. प्रत्येक स्वराबरोबर हनुवटी खालीं येते, आणि जितके वेळां ती हाताला लागते तितके स्थूल मानानें अवयव होतात.

अवयव कोठें तोडावयाचे, याचा नियमही अवघड नाहीं. दोन स्वरांमध्यें एकच व्यंजन असेल तर तें सामान्यतः पुढच्या स्वराकडे जातें. दोन व्यंजनें असतील आणि त्या जोडीनें इंग्रजी शब्दाचा आरंभ होऊं शकत नसेल, तर एक मागें राहतें व एक पुढें जातें. 'अजेंडा' म्हणजे अ-जेन-डा, कारण 'न्ड'नें कोणताही इंग्रजी शब्द सुरू होत नाहीं. 'ब्र', 'ट्र', 'क्ल' अशा जोड्यांनीं मात्र शब्द सुरू होतात. म्हणून त्या सबंध पुढें जातात. 'अल्जिब्रा' म्हणजे अ‍ॅल-जि-ब्रा.

कोशांतील शब्दांमध्यें जे ठिपके छापलेले असतात, त्यांवरून अवयव पाडूं नयेत. ते पुष्कळदां ओळीच्या शेवटीं शब्द कोठें तोडावा हें छापखान्याला सांगण्यासाठीं असतात. ती तोड कोणी व्युत्पत्तीवरून करतात, कोणी उच्चारावरून. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यानें १७८३ सालीं काढलेल्या वर्णपाठाच्या पुस्तकांत उच्चारानुसारी तोडीचा पुरस्कार केला, आणि अमेरिकन छापखान्यांवर त्या रीतीचा मोठा प्रभाव पडला. इंग्लंडांत व्युत्पत्तीचा मान अधिक राहिला. बोलणाऱ्याला या वादाशीं कर्तव्य नाहीं.

आतां आघात. इंग्रजीचा आघात बेभरंवशाचा वाटतो, याचें मूळ त्या भाषेच्या इतिहासांत आहे. इंग्रजीचें घरचें जुनें शब्दधन जर्मानिक कुळांतील. त्या कुळांत आघात शब्दाच्या मूळ धातूवर, म्हणजे बहुधा आरंभीं, पडतो. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. पुढें विद्येच्या वाटेनें लॅटिन व ग्रीक शब्द आले. या पाहुण्यांचा आघात शब्दाच्या शेवटाकडून मोजावा लागतो. लांब इंग्रजी शब्द बहुतांशीं याच पाहुण्यांपैकीं असतात. म्हणून पहिली गोष्ट ही कीं लांब शब्द शेवटाकडून वाचावा.

शेवटीं प्रत्यय असेल तर तो तीन जातींपैकीं कोणत्या जातीचा आहे हें पाहावें. पहिली जात तटस्थ प्रत्ययांची. 'नेस', 'लेस', 'फुल', 'ली', 'मेंट', 'शिप' हे शब्दाला येऊन चिकटतात, पण आघाताला हात लावीत नाहींत. 'डेव्हलप' या क्रियापदांत आघात दुसऱ्या अवयवावर आहे, डि-व्हे-लप; 'डेव्हलपमेंट' झाल्यावरही तो तेथेंच राहतो. मराठी बोलण्यांत हा शब्द 'डे'वर जोर देऊन येतो, आणि तोच उच्चार इंग्रजी बोलतांनाही सोबत जातो.

दुसरी जात आघाताला आपल्या अगदीं मागें ओढून आणणाऱ्या प्रत्ययांची. 'शन', 'इक', 'इटी', 'इअल', 'इअन' हे त्यांतले प्रमुख. 'ग्रफी' व 'लजी' या ग्रीक शेवटांच्या मागच्या अवयवावरही आघात असाच येतो. एकाच कुटुंबांतील शब्द एकापुढें एक ठेवले म्हणजे ही ओढ स्पष्ट ऐकूं येते. 'टेलिग्राफ' या शब्दांत आघात पहिल्या अवयवावर आहे. 'टेलिग्रफी' म्हणतांच तो दुसऱ्यावर सरकतो, टि-ले-ग्र-फी. आणि 'टेलिग्राफिक' म्हटलें कीं तिसऱ्यावर, टे-लि-ग्रॅ-फिक. भारतांतील तारेची सेवा २०१३ सालीं बंद झाली, परंतु या तीन शब्दांइतका उघड धडा दुसरीकडे क्वचित् मिळेल. आघाताबरोबर स्वरही बदलले, हें विशेष ध्यानांत घ्यावें: 'ग्राफ'मधील ठसठशीत 'आ' दुसऱ्या रूपांत पार विरून गेला आणि तिसऱ्यांत 'अ‍ॅ' होऊन परत आला. तसेंच 'इकॉनमी'मध्यें आघात दुसऱ्यावर, 'इकॉनॉमिक'मध्यें तिसऱ्यावर. 'अ‍ॅक्टिव्ह'चा आघात पहिल्यावर, 'अ‍ॅक्टिव्हिटी'चा दुसऱ्यावर. 'इलेक्ट्रिक'चा दुसऱ्यावर, 'इलेक्ट्रिसिटी'चा तिसऱ्यावर.

या नियमालाही अपवाद आहेत, आणि ते नित्याच्या वापरांतले आहेत. 'अरिथ्मेटिक' हें गणिताचें नाम दुसऱ्या अवयवावर तोलतें. 'पॉलिटिक्स', 'कॅथलिक', 'ल्युनटिक' हे पहिल्यावर. 'टेलिव्हिजन' या शब्दांत पुष्कळ लोक मुख्य आघात पहिल्यावर ठेवतात. परंतु अपवाद थोडे असून नियमाचें राज्य फार मोठें आहे.

तिसरी जात स्वतःच आघात घेणाऱ्या प्रत्ययांची. 'इंजिनियर', 'व्हॉलंटिअर', 'जपॅनीज' या तिहींत आघात शेवटच्या अवयवावर आहे. 'कमिटी' हा शब्द मात्र दिसण्यांत या जातीचा वाटला तरी त्याचा आघात मधल्या 'मि'वर असतो.

यांखेरीज 'एट'नें संपणाऱ्या तीन वा अधिक अवयवांच्या क्रियापदांत शेवटून तिसरा अवयव बहुधा आघाताचा: 'सेलिब्रेट'मध्यें पहिला, 'कम्युनिकेट'मध्यें दुसरा. त्यांना 'शन' लागलें कीं आघात त्या प्रत्ययाच्या मागें येऊन बसतो: सेलिब्रेशन, कम्युनिकेशन, दोन्हींत 'शन'च्या आधींचा अवयव.

असा कोणताही ओळखीचा प्रत्यय नसलेलें लांब नाम समोर आलें तर काय करावें? येथें मराठी वाचकाच्या हातीं एक साधन आहे, तें बहुतेक इतर शिकणाऱ्यांच्या हातीं नाहीं. वृत्तें शिकतांना त्यानें लघु-गुरु शिकलेले असतात. दीर्घ स्वराचें अक्षर गुरु. ऱ्हस्व असलें तरी पुढें जोडाक्षर आलें व त्याचा आघात मागें पडला तर तेंही गुरु. हाच विवेक इंग्रजी नामाला लावावा. शेवटून दुसरा अवयव गुरु असेल तर आघात त्यावर. तो लघु असेल तर आघात त्याच्या मागच्यावर. लॅटिन भाषेचा नियम नेमका हाच होता. क्विंटिलियन या रोमन पंडितानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तो नोंदविला आहे. इंग्रजींतील आघात वरवर पाहतां स्वैर दिसला तरी पुष्कळसा अशाच नियमांनीं बांधलेला आहे, असें नोम चॉम्स्की व मॉरिस हॅले यांनीं १९६८ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत विस्तारानें दाखविलें.

'अजेंडा' व 'व्हरांडा' यांत शेवटून दुसरा अवयव व्यंजनानें बंद झालेला, म्हणून गुरु, आघात त्यावरच. 'डिप्लोमा', 'अरोमा', 'होरायझन', 'बनाना' यांत तो लांब स्वरामुळें गुरु, आघात तेथेंच. 'कॅनडा', 'हॉस्पिटल' यांत तो लघु. म्हणून आघात मागें, पहिल्यावर. 'अमेरिका'मध्यें 'रि' लघु, म्हणून आघात 'मे'वर. 'सिनेमा' या शब्दांत इंग्रज मधला अवयव इतका आखूड म्हणतो कीं आघात 'सि'वर जातो. मराठीनें 'ने' लांब केला आणि शब्दाचा तोलच पालटला.

संस्कृत वृत्ताहून एका ठिकाणीं वेगळी चाल आहे, ती जपावी. 'अल्जिब्रा'मधील 'जि'च्या पुढें जोडाक्षर आहे. वृत्ताच्या हिशेबानें 'जि' गुरु ठरेल. इंग्रजींत 'ब्र' ही जोडी सबंध पुढच्या अवयवांत जाते, 'जि' उघडा व लघु राहतो, आणि आघात पहिल्या अवयवावर पडतो. शिवाय कांहीं नामें हा नियम मुळींच जुमानीत नाहींत. 'कॅलेंडर', 'सिलिंडर', 'पॅसेंजर', 'कॅरेक्टर' या चारींत मधला अवयव व्यंजनानें बंद आहे, तरी आघात पहिल्यावर आहे. हे चारही शब्द मराठी घरांत रोज बोलले जातात, आणि चारींत मराठी जीभ मधल्या गुरु अवयवावर रेंगाळते. ही मराठी माणसाची निष्काळजी नव्हे. त्याच्या कानाचा नियम तेथें इंग्रजीपेक्षां अधिक सुसंगत आहे, इतकेंच. पण बोलावयाचें इंग्रजी असेल तर तो नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवला पाहिजे.

फार लांब शब्दांत एक मुख्य आघात असतो आणि त्याच्या आधीं एक दुय्यम. 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द घ्यावा. शेवटचा 'इटी' हा ओढणारा प्रत्यय. म्हणून मुख्य आघात त्याच्या मागच्या 'बि'वर. अवयव सहा: रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. मुख्य आघात चौथ्यावर पडला, आणि मूळ 'रिस्पॉन्स'चा आघात दुसऱ्यावर दुय्यम होऊन राहिला. 'इंडस्ट्रियलायझेशन' हा सात अवयवांचा. 'शन'च्या मागील सहाव्या अवयवावर मुख्य आघात, आणि 'इंडस्ट्रियल'चा जुना आघात दुसऱ्यावर दुय्यम. मोठा शब्द असा दोन खुंट्यांवर टांगला कीं मधले अवयव आपोआप हलके होतात व जीभ अडखळत नाहीं.

नियमांनीं जेथें निर्णय होत नाहीं तेथें कोश आहे. गुरु-लघु ठरविण्यास स्वराची लांबी ठाऊक हवी, आणि इंग्रजी लेखन ती नेहमीं सांगत नाहीं. हा पेच कोशावांचून सुटत नाहीं. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालच्या कोशांत शब्दांवर आघाताची खूण केली; जॉन वॉकर यानें १७९१ सालीं उच्चारासाठीं स्वतंत्र कोश काढला; आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ सालीं निघाला. त्यांत आघाताच्या अवयवाच्या आधीं एक लहान उभी रेघ असते. हल्लींचे बहुतेक ब्रिटिश कोश हीच रीत पाळतात. कांहीं अमेरिकन कोशांत मात्र खूण आघाताच्या अवयवानंतर येते. म्हणून कोश उघडतांच त्याच्या खुणांचें पान आधीं पाहावें. नाहींतर बरोबर कोश पाहून उच्चार चुकीचा व्हावयाचा.

कोशांत दोन उच्चार दिसले तर गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. 'लॅबोरेटरी'चा आघात इंग्लंडांत दुसऱ्या अवयवावर, अमेरिकेंत पहिल्यावर. 'काँट्रोव्हर्सी' या शब्दाविषयीं खुद्द इंग्रजांतच दोन पक्ष आहेत. बी. बी. सी.ने निवेदकांच्या उच्चारांत मेळ राहावा म्हणून १९२६ सालीं राजकवि रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखालीं एक सल्लागार समिति नेमली. पुढें बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष झाले. इंग्रजी ज्यांची मायबोली त्यांनाही उच्चारासाठीं समिति लागली, ही गोष्ट शिकणाऱ्याला धीर देणारी आहे. दोहोंपैकीं कोणताही एक मान्य उच्चार घ्यावा आणि तोच ठेवावा.

या सर्व खटाटोपाचा हेतु इंग्रजाची नक्कल करणें हा नाहीं. मराठी बोलतांना 'कमिटी', 'सिनेमा', 'कॅलेंडर' हे शब्द मराठी वळणानेंच म्हणावेत; ते आतां या घरचे झाले आहेत. इंग्रजी बोलतांनाही मराठी माणसाचा 'ट' किंवा 'व' थोडा वेगळा राहिला म्हणून सहसा कोणाचें अडत नाहीं. आघात चुकला तर मात्र अडतें. आणि तें मुलाखतीच्या खोलींत, दूरध्वनीवर, परगांवच्या डॉक्टरपुढें अडतें, म्हणजे जेथें दुसऱ्यांदा सांगण्यास सवड नसते अशा जागीं.

अभ्यासाची रीत सोपी आहे. नवा लांब शब्द वहींत एकटा लिहूं नये. त्याच्याच प्रत्ययाचे आणखी नऊ शब्द त्याच्याखालीं लिहावेत. प्रत्येकाचे अवयव आडव्या रेघांनीं तोडावेत, आघाताच्या अवयवाखालीं एक रेघ ओढावी, आणि दहाही शब्द मोठ्यानें वाचावेत; आघाताच्या ठिकाणीं बोटानें टिचकी मारावी, इतर अवयव मुद्दाम हलके सोडावेत. रोज एक प्रत्यय घेतला तर पंधरवड्यांत मुख्य प्रत्यय संपतात. त्यापुढें कोणताही अनोळखी शब्द भेटला तरी त्याचा शेवट ओळखीचा निघण्याचाच संभव अधिक.